निळ्या डब्यातल्या म्हणी

१

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेपाची मुलगी दुसऱ्यांदा गेली.

पहिल्यांदा गेली ती चार वर्षांपूर्वी, इंग्लंडात, लीड्सच्या इस्पितळात. यास्ना तिचं नाव. दुसऱ्यांदा गेली ती इथून, झेमुनच्या आमच्या इमारतीतून, बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यातून. डब्यासकट.

"रुमेन्काऽ, वर ये!"

लेपा जिन्यात उभी राहून ओरडत होती. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते. पोलिसात तपासाचं काम केलं, रात्रशाळेत शिकत वर चढले, आणि माझ्याहून मठ्ठ साहेबांना सलाम ठोकत निवृत्त झाले. आता फक्त जिने चढते, तेही गुडघे धरून. चढले.

दाराजवळच्या छोट्या खोलीत लेपा उभी होती. टेबलावर लाल डबा होता. त्याच्या शेजारचा निळा नव्हता.

"सगळीकडे बघितलंस?"

"ओव्हनमध्येसुद्धा बघितलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, वेडी नाही."

त्या डब्यांत काय असतं ते सांगते. लेपा इंग्रजीची मास्तरीण होती. नोकरी सुटली तरी इंग्रजी सुटलं नाही. आमच्या सर्ब म्हणी ती इंग्रजीत नेते. शब्दाला शब्द चिकटवून नव्हे, ते कुठलंही गाढव करतं आणि वर सरकारी बक्षीस घेतं. संधी हुकली की आम्ही म्हणतो, पोळ्या घेऊन आजी निघून गेली. इंग्रजाला हे तसंच सांगितलं तर तो विचारणार, कुठली आजी, कसल्या पोळ्या? तो म्हणतो, ते जहाज केव्हाच सुटलं. मग आजीला उतरवून जहाज आणायचं, पण आजीचा तोंडाळपणा जहाजात शिल्लक राहिला पाहिजे. एकेका म्हणीवर महिना जातो.

हे तिला एकटीला जमत नाही, म्हणून लेनर्ड. हल नावाच्या बंदराचा इंग्रज, विद्यापीठात शिकवायला आला आणि इथंच राहिला. तीस वर्षं दर गुरुवारी तो टाय लावून येतो. लेपा त्याला म्हणीचा अर्थ विचारत नाही. कोण कुणाला, कशावरून, काय करत असताना ती म्हण म्हणतं, ते नकलेसकट सांगते, आणि शेवटी विचारते, "तुमची आत्या काय म्हणाली असती?" ही आत्या हलमध्ये मासे साफ करायची. ती जे फटकन म्हणाली असती, ते खरं इंग्रजी. एकदा लेपा अडली. वेड पांघरणाऱ्याला आम्ही म्हणतो, इंग्रजाचं सोंग घेतोय. आता हे इंग्रजाला कसं विचारायचं? लेनर्ड शांतपणे म्हणाला, "आम्हाला सोंग घ्यावं लागत नाही."

झालेलं कार्ड लाल डब्यात जातं, पुढे आमची म्हण, मागे लेनर्डच्या हिरव्या शाईत इंग्रजी. राहिलेली निळ्यात. आणि निळ्यात आता उरली होती ती सगळी यास्नाच्या हातची. लहानपणी तिनं आपल्या आजीच्या तोंडच्या म्हणी गोलगोल अक्षरात उतरवल्या होत्या, कोपऱ्यांत चित्रं काढून. लेपा ती मागे मागे ठेवत आली होती.

आता हा सगळा खटाटोप एमासाठी. यास्नाची मुलगी, लीड्सला वाढलेली. दर रविवारी फोनवर म्हणते, "दोब्रो, बाको." बरं, आजी. तिथंच तिची आमची भाषा संपते. लेपाचं इंग्रजी चोख, पण पुस्तकी. त्यात पोरीला रागावता येत नाही, लाडावता येत नाही. "तिच्याशी बोलताना मला वाटतं मी स्टेशनवर घोषणा करतेय," लेपा म्हणते. या ख्रिसमसला एमा येणार होती, किती वर्षांनी. लेपानं तिला शब्द दिला होता की तुझ्या आईचं अक्षर तुझ्या हातात देईन, आणि तिनं काय लिहिलंय ते तुला कळेल.

आता हातात द्यायला अक्षरच नव्हतं.

आदला दिवस स्लावाचा. स्लावा म्हणजे घराच्या संताचा दिवस, आणि लेपाच्या सासरचा संत देवदूत अरांजेल. सकाळपासून दार सताड उघडं, माणसांची रीघ, मेणबत्ती जळतेय, भाजलेलं डुक्कर, कोबीच्या पानांतला सार्मा, आणि लेपा दिवसभर पायांवर, कारण त्या दिवशी यजमानानं बसायचं नसतं. फक्त गोड गहू तेवढा नव्हता. इतर घरी पाहुणा आत आला की आधी त्याच्यापुढे उकडलेल्या गव्हाची वाटी येते, अक्रोड घातलेली. माझ्या फार आवडीची. पण लेपाचा सासरा म्हणायचा, गहू मेलेल्यांसाठी, आणि अरांजेल देवदूत, तो मेलाय कुठे? म्हातारा स्वतः मरून जमाना झाला, गहू काही परत आला नाही.

मीही तिथंच होते, स्वयंपाकघराच्या दाराशी, जेवणावर नजर ठेवून. दुपारी लेपा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "या महिन्यात काम संपलं की सुटले बाई मी! गुरुवारी दुपारी पाय पसरून झोपणार." सगळे हसले. छोटी खोली दाराला लागून. गर्दीत कुणीही तिथं शिरला असता.

"डबे कुठे असतात हे कुणाकुणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"तुला. तियानाला. रादिवोये साहेबांना. आणि मिस्टर लेनर्डना."

"लेनर्ड आला होता?"

लेपानं टेबलावरची नसलेली धूळ झटकली. "मिस्टर लेनर्ड स्लावाला येत नाहीत. कधीच आले नाहीत. इंग्रज माणूस, त्यांना काय त्याचं?"

"पोलिसांत कळवू?"

"काय कळवशील? दोन गाढवं, चार लांडगे आणि एक आजी चोरीला गेली म्हणून?" ती हसली आणि हसता हसता खुर्चीत बसली. "रुमेन्का, माझ्या मेणबत्तीपुढे छातीवर क्रूसाची खूण काढून कुणीतरी माझी पोर काखोटीला मारली. कोण, ते मला सांग."

२

तियाना लेपाची जुनी विद्यार्थिनी. हुशार पोर, आणि तिनं ती हुशारी कपांवर वाया घालवली. नदीकाठच्या रस्त्यावर तिची टपरी आहे. आमच्या म्हणी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत छापलेले कप आणि टी-शर्ट ती पर्यटकांना विकते. तेव्हा ती एका जर्मन जोडप्याला 'नासपतीच्या झाडावरून पडलास काय' लिहिलेला टी-शर्ट विकत होती. जोडपं त्या टी-शर्टकडे असं बघत होतं, की जणू तेच झाडावरून पडलंय.

"काल तुझ्याकडे केवढी मोठी पिशवी होती," मी म्हणाले.

"हो. त्यात लेपाबाईंसाठी केक होता. जाताना त्यांनी त्यात सार्मा भरला. सार्म्याची चौकशी आहे का?"

"निळा डबा गेलाय."

तिच्या तोंडावरचा विक्रीचा भाव उतरला. "यास्नाचा?"

"तुला म्हणी लागतात. तिथं डबा भरून होत्या."

"मावशी, म्हणीसाठी चोरी करायची? माझी आजी पाव चिरताना डझनभर फेकते, फुकट. आपल्याकडे म्हणी पावसाच्या पाण्यासारख्या असतात, भांडं लावलं की झालं." मग आवाज खाली आला. "बाई मला म्हणतात, तू म्हणींचं माकड करून विकतेस. खरं आहे ते. पण यास्नानं मला पोहायला शिकवलं होतं. तिच्या डब्याला मी हात लावीन?"

ती खरं बोलत होती. खोटं बोलणारा माणूस माझ्या डोळ्यांत बघतो, ती कपांकडे बघत होती.

मी वळले तशी ती मागून म्हणाली, "रादिवोये साहेबांना विचारलंत? परवा मला विचारत होते, पुस्तकावर लेपाबाईंच्या नावाच्या वर 'संपादक' म्हणून नाव आलं तर बाई आकांडतांडव करतील का."

३

रादिवोये भाषा-मंडळात बसतो. लेपाचं पुस्तक ते मंडळ काढणार होतं. त्याची खुर्ची चामड्याची आहे आणि त्यानं आयुष्यात स्वतःची अशी एक ओळ लिहिलेली नाही, पण दुसऱ्यांच्या ओळींवरून हात फिरवून फिरवून त्या टक्कल पडल्यासारख्या करून टाकल्यात.

"इन्स्पेक्टर बाई! कॉफी?"

"काल आला होतात?"

"म्हणजे काय! अरांजेलचा दिवस, लेपाबाईंचं घर, आणि मी येणार नाही? आलो, चमचाभर गहू तोंडात टाकला, क्रूस काढला, शुभेच्छा दिल्या, आणि गर्दी बघून निघालो. तुम्ही बहुतेक सार्म्यात गुंतला होता." स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला.

"पुस्तकावर तुमचं नाव टाकायचंय म्हणे."

"कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. त्या बाई म्हणींचं इंग्रजी करतात ते मासेवालीचं. मंडळाची काही इभ्रत आहे की नाही? 'गाढवा, हिरवं गवत उगवेपर्यंत मरू नकोस' किती भारदस्त! आणि यांनी काय केलं, तर 'श्वास रोखून बसू नकोस'. गाढव कुठे गेलं? गवत कुठे गेलं?"

"आणि माणूस तिथंच राहिला, वाट बघत. तेवढंच त्या म्हणीत असतं साहेब."

"तुम्ही पोलिसवाल्या, तुम्हाला साहित्यातलं काय कळणार!"

त्याच्या तोंडावर कॉफी ओतावीशी वाटली. डबा गेल्याचं ऐकून त्याला धक्का बसल्यासारखा वाटला, पण असल्या माणसाचा चेहरा कशानेही तसाच होतो. मी उठले आणि झेमुनची बस पकडली.

पूल लागला. खाली सावा नदी राखेसारखी, वारा बसच्या फटींतून आत. मी उभी राहिले. शेजारची बाई म्हणाली, "तुमचा थांबा यायचाय अजून."

चमचाभर गहू?

लेपाच्या घरी?

४

पुढच्या थांब्यावर उतरून मी उलटी बस पकडली आणि न ठोठावता आत शिरले.

"तुम्ही काल लेपाकडे गेलाच नाहीत."

"बाई, तुमचा आवाज..."

"त्या घरात गहू शिजत नाही. स्लावाला एकदा जरी तिथं पाऊल टाकलं असतंत तर कळलं असतं. सगळीकडे गहू असतो म्हणून तोंडातून सवयीनं निघून गेलं. कुठे होतात?"

तो लाल झाला, मग पांढरा. "अरांजेलच्या दिवशी अर्धं शहर स्लावा करतं! माणसानं कुणाकुणाकडे जायचं?"

"कुणाकडे गेलात?"

"मंडळाच्या संचालकांकडे."

"दिवसभर?"

"त्यांनी कोकरू कापलं होतं," तो पुटपुटला.

मी त्याच्यासमोरच संचालकांच्या बायकोला फोन लावला. ती माउली म्हणाली, "रादिवोये? आले ते आधी आणि गेले शेवटी. आम्ही आडून आडून टेबल आवरायला लागलो, तरी हलेनात."

चोर नव्हता. नुसता लाचार होता.

"आणि मी चोरायलाच आलो असतो," तो आता चिडून म्हणाला, "तर लाल डबा नेला असता! मला इंग्रजी हवंय, ते लाल डब्यात आहे. निळा घेऊन मी काय करू? त्याच्या मागच्या बाजू कोऱ्या आहेत."

आयुष्यात पहिल्यांदा तो शहाण्यासारखं बोलला आणि त्याला ते कळलंही नाही.

मी तिथंच बसले. त्याची कॉफी प्याले.

ज्यानं डबा नेला त्याला म्हणी नको होत्या. म्हणी आमच्याकडे हवेत असतात, तियाना म्हणाली तसं. त्याला इंग्रजीही नको होतं. ते शेजारच्याच डब्यात होतं, तो तिथंच राहिला. मग निळा डबा नेऊन मिळतं काय? एकच गोष्ट. काम थांबतं.

काम थांबावं असं कुणाला वाटेल? तियानाला फरक पडत नाही. रादिवोयेला तर पुस्तक उद्या हवंय, नावासकट. उरली दोन माणसं, जी त्या टेबलाशी बसतात. लेपा दिवसभर माझ्या नजरेसमोर उभी होती, आणि एमाला दिलेला शब्द तिनं स्वतःच मोडला असता तर मी माझे कान कापून दिले असते.

राहिला एक. तो तर स्लावाला कधी येतच नाही.

५

गुरुवारी सकाळी मी लेपाला विचारलं, "लेनर्डशी स्लावाबद्दल तू कधी बोललीस? काय रांधतेस, काय नाही?"

"एक शब्द नाही." ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. "ज्याला यायचं नाही त्याच्यापुढे पदार्थांची नावं कशाला घेऊ? आम्ही म्हणींवर बोलतो. तेवढंच आमचं."

मी मिठाईच्या दुकानात गेले. तिथं गोड गहू मिळतो, वर मलई घातलेला. मलई काढायला लावली, गहू घरच्या वाटीत घातला, वर रुमाल बांधला आणि लेनर्डचं दार वाजवलं.

त्यानं टाय आधीच लावला होता. तो दुपारी निघतो, टाय सकाळी लावतो. हातात बूट आणि बुटाचा ब्रश.

"रुमेन्काबाई! या. बसा. लेपाबाईंनी फोनवर सांगितलं. डब्याचं काही कळलं?"

"नाही हो. हे लेपानं पाठवलंय. स्लावाचा गहू. तुमच्यासाठी बाजूला काढला होता."

त्यानं बूट खाली ठेवले. वाटी दोन्ही हातांत घेतली, रुमाल सोडला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला माझीच लाज वाटली. गुन्हेगाराला पकडताना असा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"तिनं? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

मग तो वाटीकडे बघत राहिला. हळूहळू उजेड गेला.

"पण तिच्याकडे गहू नव्हता," तो म्हणाला.

"मिस्टर लेनर्ड, प्रत्येक स्लावाला गहू असतो. तिच्याकडे नव्हता हे तुम्हाला कुणी सांगितलं? ती तुमच्याशी या विषयावर बोलत नाही. तिथं आल्याशिवाय हे कुणाला कळत नाही. आता इंग्रजाचं सोंग पुरे."

त्यानं वाटी टेबलावर ठेवली, चमचा तिच्याशेजारी नीट सरळ केला. मग आतल्या खोलीत गेला आणि निळा डबा घेऊन आला. स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळलेला, जसं पोर गुंडाळतात.

"एकही कार्ड हललेलं नाही," तो म्हणाला.

"का?"

"मी वाचलं होतं कसं जायचं ते. आत गेलं की गव्हाची वाटी असते. एक चमचा घ्यायचा, क्रूस काढायचा, मग 'स्रेच्ना स्लावा' म्हणून शुभेच्छा द्यायच्या. मी आरशासमोर सराव केला. शेवटी या वर्षी जिना चढलो. दार उघडं होतं." त्यानं टॉवेलची कड सारखी केली. "गहू नव्हता. वाटी नव्हती, चमचा नव्हता. मला आत कसं जायचं तेच कळेना. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. मी तिथं उभा होतो, आणि ती म्हणाली, काम संपलं की सुटले. गुरुवारी झोपणार."

"म्हणून चोरी केलीत? नुसतं भेटायला जायला काय झालं होतं?"

"काम नसताना मी त्या घरी कोण म्हणून जाऊ?"

"आणि तोच डबा? मेलेल्या पोरीचं अक्षर?" माझा आवाज चढला. "खुर्ची न्यायची, दिवा न्यायचा!"

"दुसरं काही नेलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं आणि काम संपवलं असतं." त्यानं माझ्या नजरेला नजर दिली. "हेच एक असं होतं, की ज्याच्याशिवाय ती संपवणार नाही. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून नेलं."

एवढा सरळ कबुलीजबाब मला नोकरीत एकाही सर्ब माणसानं दिला नव्हता. मी म्हणाले, "बूट घाला."

६

लेपानं दार उघडलं. लेनर्डच्या हातांत डबा, डब्यावर टोपी. मी त्याच्या मागे, पळू नये म्हणून.

तिनं आधी डबा घेतला. झाकण काढून वरची कार्डं बोटानं चाळली, एक नाकाशी नेलं. झाकण लावलं. मग त्याच्याकडे बघितलं.

त्यानं दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही न लपवता, कसलीही माफी न मागता. लेपानं मध्ये तोंड घातलं नाही. मी तिला ओळखते, मला भीती वाटली.

"म्हणजे परवा तुम्ही इथं होतात. या पायपुसण्यावर."

"हो."

"आणि त्याआधीच्या वर्षी?"

"खाली. समोरच्या बेकरीपाशी. दरवर्षी. तुमची मेणबत्ती तिथून दिसते."

"दरवर्षी मी तुमच्यासाठी एक ताट झाकून ठेवते," लेपा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी रुमेन्काच्या मांजराला घालते."

"मांजराला?" मी म्हणाले. "मला तर सांगायचीस, उरलंय म्हणून!"

दोघांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुम्ही बोलावलं नाहीत," तो म्हणाला.

"स्लावाला बोलावत नाहीत! ज्याला यायचं तो येतो. बोलावलं की यावंच लागतं, मग ते येणं कसलं? शेंबड्या पोराला कळतं हे!"

"मलाही ठाऊक होतं. मला वाटलं, ते तुमच्या माणसांसाठी असेल."

माझं डोकं तापलं होतं. तीस वर्षं या दोघांनी टेबलाशी बसून लांडगे, गाढवं, आज्या, कलिंगडं समुद्रापार नेली, पाय न मोडता. आणि दरवर्षी त्या एका दिवशी एक बाई ताट झाकून बसलेली, एक माणूस बेकरीपाशी गारठलेला, मध्ये एक जिना. मला दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटत होती.

"यास्नाला हात लावायला नको होता," लेपा शेवटी म्हणाली.

"नको होता."

"मी हे विसरणार नाही."

"विसरू नका."

"आत या. दारात उभे राहिलात तर आपल्या तिघांनाही वारा बाधेल."

तो आत आला. तिनं त्याला नेहमीच्या खुर्चीत बसवलं नाही, मोठ्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी बसवलं. डब्यातलं वरचं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. पोरीचं अक्षर, कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला सूर्य, त्याला नाक आणि मिशा.

"हिवानं गोठलेला उन्हाची बघतो, तशी वाट बघणं," लेपानं वाचलं. मग डोळे मिटून तिनं नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. "यास्नाला शाळेतून उशीर व्हायचा. माझी आई स्वयंपाकघरात, हात पिठात. पोर आली की आई आधी ओरडायची. मग पिठाच्या हातांनी तिचं तोंड धरायची आणि हे म्हणायची. पोरीच्या गालांवर पांढरी बोटं उमटायची. ती पुसायची नाही, तशीच खेळायला जायची." तिनं डोळे उघडले. "सांगा. तुमची आत्या काय म्हणाली असती?"

लेनर्डनं कार्ड आपल्याकडे ओढलं.

"आत्या दार उघडायची. म्हणायची, 'आलास होय. पाय पूस.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि त्यात हे असतं? हिव, ऊन, सगळं?"

"सगळं असतं. मी महायुद्धानंतरच्या थंडीत वाढलो. आम्ही फार बोलत नव्हतो. पण ते 'पाय पूस' ऐकायला मी पळत घरी जायचो."

लेपानं सूर्याच्या मिशांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "एमाला कळेल?"

"ती लीड्सची आहे. यास्नानंही तिला हेच म्हटलं असणार, इंग्रजीत, शेकडो वेळा. वाचलं की तिच्या कानात आवाज येईल. कुणाचा, ते तिला सांगावं लागणार नाही."

लेपानं एप्रनला हात पुसले, कोरडे असून. "लिहा," ती म्हणाली. त्यानं खिशातून हिरवं पेन काढलं आणि लिहिलं. ती त्याच्या खांद्यावरून वाचत होती, ओठ हलवत, घोषणा करणाऱ्या मास्तरणीसारखं नाही. ख्रिसमसला दारात उभ्या राहणाऱ्या पोरीला काय म्हणायचं, ते ती पाठ करत होती.

"उरलेली पुढच्या गुरुवारी," ती म्हणाली.

"आणि ती संपली की?"

"संपली की गुरुवारी या आणि तोंड मिटून बसा. काम नाही म्हणून काय झालं?" तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि त्याच्याकडे वळली. आवाज एकदम चढला, जसा माझ्यावर चढतो, जसा यास्नावर चढायचा. "आणि एक ऐकून ठेव. पुढच्या वर्षी अरांजेलला मी तुला बोलावणार नाही. ऐकतोयस ना? मेले तरी बोलावणार नाही!"

"येईन," लेनर्ड म्हणाला.